मापाचा कोट

थोरले आले ते ब्लेझर घेऊनच. लाकडी हँगर, वर पारदर्शक पिशवी, आणि ती पिशवी दोन बोटांत अशी उंच धरलेली की रस्त्यावरच्या कुणाच्या नजरेतून सुटू नये. दुकानाची पायरी चढताना त्यांनी पाटीकडे पाहिलं नाही. शिपाई, नर्स, हॉटेलातले नोकर अशांचे गणवेश शिवणारं वडिलांचं दुकान सोडून मोठ्या रस्त्यावर तयार कपड्यांचं शोरूम थाटलं, तेव्हापासून ते त्या पाटीकडे पाहत नसत. पाटीवर अजून ‘आणि मुलगे’ असं लिहिलेलं होतं. दुकानात मुलगा एकच उरला होता, पण पाटी नव्याने रंगवून घ्यायचा विषय कुणी काढत नव्हतं.

तो उरलेला मुलगा म्हणजे मास्तर. शिंप्याला म्हणतात म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. कटिंगच्या टेबलाशी उभे राहून ते एका गडद निळ्या कोटावर ब्रश फिरवत होते. त्या कोटावर आता झटकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

रविवारची दुपार. मशिनं बंद, कारागीर सुट्टीवर, आणि दुकानामागच्या दोन खोल्यांतलं घर सगळं पुढे येऊन बसलेलं. मास्तरांची मुलगी उद्या सकाळी टेकडीवरच्या कॉलेजात मुलाखतीला जायची होती. तिला घरात बारकी म्हणत. आता आईच्या डोक्यावरून तिला पलीकडचं दिसायचं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. गणितासाठी त्या कॉलेजची लेखी परीक्षा पास झालेली ती या घराण्यातली पहिलीच, आणि आता मुलाखतीचा एवढा उंबरा ओलांडला की झालं. कॉलेजने फोनवर पाठवलेल्या सूचनांत एक ओळ होती: उमेदवारांनी औपचारिक पोशाखात यावे. त्या ओळीने घर आठवडाभर ढवळून काढलं होतं. औपचारिक म्हणजे काय हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं आणि प्रत्येकाचं वेगळं होतं.

“औपचारिक म्हणजे स्वच्छ, इस्त्रीचं, आणि नखं कापलेली,” आत्या म्हणाली. दोघा भावांच्या मधली ही बहीण जन्मभर इस्पितळात नर्स होती, त्यामुळे भाऊसुद्धा तिला सिस्टर म्हणत. “बाकी सगळी थेरं.”

“सिस्टर, तू आयुष्यात एक कपडा स्वतः निवडलास का?” थोरले म्हणाले. “इस्पितळाने दिला तो घातलास. ह्यातलं तुला काय कळणार?”

“बसा तरी भाऊजी,” बारकीची आई म्हणाली. “चहा टाकते.”

“बसतो, पण चहा नको. ह्याच्यावर सांडला तर संपलं.” ब्लेझर मांडीवर घेऊन ते अवघडून बसले. “बारके, आधी हा घालून बघ. मग बोलू.”

“दादा, तिच्यासाठी कोट शिवलाय मी,” मास्तर म्हणाले.

“दिसतोय.”

“मापाचा शिवलाय.”

हे मास्तर सहज बोलल्यासारखं बोलले, पण ते सहज नव्हतं. या घरात कुणाचं माप घेत नसत. गणवेश नंबरवर शिवले जातात. अमुक इतके बत्तीस, तमुक इतके चौतीस, अशीच ऑर्डर येते. घरातल्या माणसांनाही नंबरच असायचे. भिंतीवर टांगलेल्या कागदी नमुन्यांतला आपल्या नंबरचा काढायचा आणि त्यावर शिवून घ्यायचं. बारकीची शाळा चौतीस नंबरात गेली, बाही कायम बोटांवर आलेली. या कोटासाठी मात्र मास्तरांनी गळ्यातली टेप काढून तिला समोर उभं केलं होतं. खांद्यापासून मनगटापर्यंत टेप सोडताना ते मध्येच थांबले होते. पोरगी एवढी उंच झाली हे त्यांना टेपवर कळलं, आणि आजवर कळलं नाही याची त्यांना लाज वाटली.

“घाल बघू,” आता सिस्टरच म्हणाल्या.

बारकीने कोट घातला. खांदे जागच्या जागी, बाही मनगटाच्या हाडाशी, पाठीला एक घडी नाही. मास्तर दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी कोटाकडे न बघता बहिणीकडे पाहिलं.

सिस्टरना आधी बरं वाटलं. मग त्यांना काहीतरी ओळखीचं दिसलं. ती कॉलर त्यांनी आयुष्यभर घातली होती. गळ्याशी बंद होणारी, टोकं जरा गोल, म्हणजे वाकलं तरी वर येऊ नयेत. खिसेही तसेच, बाहेरून लावलेले, पटकन हात जावा असे. कालच बारकीच्या आईपाशी त्या म्हणाल्या होत्या, काहीही म्हण, दादाच्या शोरूमचंच घेऊ, तिथे मुलं कसल्या कसल्या कपड्यांत येतील. ते त्यांना आठवत होतं. पण धाकटा भाऊ त्यांच्या तोंडाकडे असा बघत होता, जसे इस्पितळात रिपोर्टची वाट पाहणारे नातेवाईक बघायचे. अशा नजरेला काय सांगायचं असतं हे सिस्टरना चांगलं माहीत होतं.

“सुरेख झालाय,” त्या म्हणाल्या. “अगदी सुरेख.”

“आहेच,” थोरले म्हणाले. “लिफ्टमध्ये उभी राहिली तर लोक मजला सांगतील.”

मास्तर हसले. ते इतरांच्या आधी हसले, आणि म्हणून दुसऱ्या कुणाला हसता येईना.

“ह्याच कोटांवर जेवलास तू, दादा,” सिस्टरचा आवाज चढला.

“म्हणूनच सांगतोय. मला कोट दिसतो, तुला भाऊ दिसतो.” थोरल्यांनी पिशवीची चेन ओढली. “मुलगी टेकडीवर चाललीये. तिथे कुणी तुमचा टाका उलटून बघणार नाहीये. दारातून आत आली की झालं, त्यांचं मत बनलं. घाल गं हे.”

थोरले वाईट नव्हते. बोलणं तेवढं खराब. घरातून निघताना त्यांनी शोरूममधले चार ब्लेझर काढून बघितले होते, पुतणीचा रंग आठवून त्यातला राखाडी उचलला होता, आणि वाटेत दोनदा पिशवी सरळ केली होती. या दुकानात आपलं काहीतरी एकदा घेतलं जावं एवढंच त्यांना हवं होतं. आपलं म्हणजे तरी काय, खोक्यातून आलेलं. हे त्यांनाही माहीत होतं आणि त्यामुळेच ते जास्त मोठ्याने बोलत होते.

बारकीने ब्लेझर घातला आणि ट्रायलच्या आरशात पाहिलं. खांदे जरा सैल होते. तरी आरशात जी उभी होती ती टेकडीवरून संध्याकाळी हसत खाली उतरणाऱ्या मुलींसारखी दिसत होती, ज्यांच्याकडे ती बसथांब्यावरून चोरून बघायची. तिला तो ब्लेझर इतका हवासा वाटला की तिला स्वतःचीच चीड आली. आरशात मागे बाबा दिसत होते. ते बॉबिनवर दोरा भरत होते आणि ती बॉबिन आधीच भरलेली होती.

“तिलाच ठरवू दे,” आई म्हणाली.

“हो, तिलाच,” थोरले.

“तुला हवा तो घाल गं,” मास्तर म्हणाले. “मला काही वाटणार नाही.”

“बाबांचा,” बारकी म्हणाली.

सिस्टरनी विजयाने थोरल्यांकडे पाहिलं. थोरले उठले. ब्लेझर हँगरवर घालून त्यांनी तो कपाटाच्या कडीला अडकवला. “असू दे इथे,” ते म्हणाले. “उद्या संध्याकाळी न्यायला येईन.” मग दारात थांबून, भावाकडे न बघता, “बाही छान बसलीये,” असंही म्हणाले.

“सकाळी मी येतो तुझ्याबरोबर,” ते गेल्यावर मास्तर म्हणाले.

“नको बाबा. सगळे एकटेच येतात तिथे.”

हे तिने कुठून आणलं कुणास ठाऊक. मास्तर म्हणाले, “बरं. तसाही ऑर्डरचा दिवस आहे.”

सकाळी मास्तर आंघोळीला गेले तेव्हा आईने ब्लेझर हँगरवरून काढला, बाह्या आत घेऊन घडी केली आणि मुलीच्या पिशवीत, पाण्याच्या बाटलीखाली ठेवला. बारकी बूट घालत होती. तिने पाहिलं. आईने तिच्याकडे पाहिलं नाही. रिकाम्या हँगरवर पारदर्शक पिशवी पुन्हा चढवून तिने तो कपाटामागे सरकवला. नवऱ्याच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती असं नाही, पण त्याच्या हातच्या कामाबाहेर गेली नव्हती. आज गेली. तिने घाईघाईने पोरीच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि “छान दिसतोय हो,” असं म्हणाली. दोघींनाही ते ऐकवेना.

कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर लांब पॅसेज होता, एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला बंद दारं. खुर्च्यांवर मुलंमुली आणि त्यांचे आईवडील. सगळ्यांचे आईवडील आले होते. आपण एकट्याच आहोत हे बघून बारकीला आधी हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःची लाजही वाटली. बसायला खुर्ची उरली नव्हती. ती मुलाखतीच्या दाराजवळ भिंतीला टेकून उभी राहिली, हात पुढे बांधून, पिशवी पायाशी. या घरातली माणसं वाट बघत उभी राहतात ती अशीच.

दार उघडलं. चष्मा लावलेल्या एक मॅडम हातातल्या कागदांवर नजर ठेवूनच बाहेर आल्या. त्यांनी अर्धवट मान वर केली, निळा कोट पाहिला.

“अगं, आत पाणी ठेवलंच नाहीये अजून. तीन ग्लास आण लवकर. आणि ती खिडकीपण उघड.”

मी उमेदवार आहे. पाच अक्षरी शब्द, पण तो बाहेर आला नाही. आणि जे बाहेर आलं ते तिच्या आजोबांपासून या घरात तयार असलेलं उत्तर होतं.

“हो मॅडम.”

पॅसेजच्या टोकाला पाण्याचा नळ आणि ट्रे सापडला. तिथे कुणी नव्हतं. ग्लास भरताना ती स्वतःला सांगत होती की आत गेलं की सांगू, हसत हसत सांगू, मॅडम मीसुद्धा आजच्याच मुलाखतीची आहे. आत तिघं होते. तिने ग्लास ठेवले. कुणी मान वर केली नाही. तिने खिडकी उघडली. सांगितलं नाही. बाहेर आली तर सगळे तिच्याकडे बघत होते, आणि एका बाईंनी विचारलं, “टॉयलेट कुठे आहे गं?”

“शेवटचं दार,” ती म्हणाली, आणि मग स्वतःही तिथेच गेली.

आत कडी लावून तिने कोट काढला. तेव्हा तिला ते दिसलं. डाव्या खिशाच्या वर, बोटभर लांबीची कापडी पट्टी, दोन्ही टोकांना शिवलेली, मध्ये मोकळी. बिल्ला अडकवायची पट्टी. ती काल आरशासमोर अर्धा तास होती. आई होती, आत्या होती, दोष काढायलाच आलेले काका होते. कुणालाच दिसली नव्हती. या घरात जन्मल्यापासून जो कोट पाहिला त्याला पट्टी होतीच. नसती तर कदाचित काहीतरी राहिलं म्हणाले असते. तिने कोटाचा बोळा केला. बाबांच्या हातचं कापड असं चुरगळताना तिला राग येत होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही नेमकं कशाचं हे तिला कळत नव्हतं. तो बोळा पिशवीत कोंबून तिने ब्लेझर चढवला.

साधारण त्याच वेळी दुकानात एका कारागिराने हॉटेलच्या ऑर्डरचा कोट वर धरून विचारलं, “मास्तर, ह्याला बिल्ल्याची पट्टी आत्ता लावू का कॉलर झाल्यावर?”

“आत्ताच लाव, नंतर खिसा—” मास्तर बोलता बोलता थांबले.

त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो हात शनिवारी संध्याकाळी काय काय करत होता हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. खिसा लावला. खिसा लावल्यावर हात टेबलाच्या डाव्या कोपऱ्याकडे गेला, तिथे पट्ट्यांचे तुकडे असतात. नेहमी जातो तसाच गेला. मन पोरीपाशी होतं, ती टेकडीवर कशी जाईल, काय बोलेल, तिथे कुणी तिला काय विचारेल, आणि हाताने आपलं काम उरकून टाकलं.

“मास्तर? काय झालं?”

“चूक झाली,” मास्तर म्हणाले. कानामागे त्यांना गरम वाटत होतं. लिफ्टचा विनोद आठवला, आणि त्यावर आपण आधी हसलो तेही. दादा बरोबर होता हे त्यांना एकदम आणि पूर्ण कळलं. त्यांनी शिवण उसवायचं पातं कागदात गुंडाळून खिशात टाकलं आणि तसेच निघाले. मुलाखतीला वेळ असेल. पट्टी उसवायला कितीसा वेळ लागतो? टाक्यांच्या खुणा राहतील, त्या नखाने घासल्या की जातात.

कॉलेजच्या फाटकावर पहारेकऱ्याने त्यांच्या गळ्यात लोंबणारी टेप पाहिली. “मापं घ्यायला आलात? शिपाई लोकांची ना? वर जा, तिसऱ्या मजल्यावर.”

टेप काढायची राहिली होती हे मास्तरांना तेव्हा कळलं. त्यांनी ती काढली नाही. टेपमुळेच आत सोडत होते.

मुलाखत चांगली चालली होती. बारकीला गणितं घातली ती तिने फळ्यावर सोडवली, एक अडलं तिथे अडलं असं स्पष्ट सांगितलं आणि कुठून अडलं तेही दाखवलं. मधल्या वयस्कर सरांनी समाधानाने मान हलवली. तिला वाटलं, झालं, आता उठायचं. तेवढ्यात चष्म्याच्या मॅडम तिच्याकडे जरा रोखून बघत म्हणाल्या,

“तू मघाशी आत आली होतीस का गं? पाणी घेऊन?”

“नाही मॅडम.”

शब्द इतका चटकन आला की तिचं तिलाच नवल वाटलं. आधी अडकलेला तो आवाज आता कुठून आला?

“नाही का? मला वाटलं.” मॅडमनी चष्मा काढून पुसला. “आमचा शिपाई नंतर पाणी घेऊन आला, तेव्हा कळलं की ती आमच्यातली नव्हतीच. बाहेर वाट बघणारी कुणीतरी मुलगी होती. मी सरळ तिला कामाला लावलं. आणि चेहरासुद्धा नीट पाहिला नाही आम्ही तिघांनी. तिची माफी मागायची होती. तू बाहेर कुणी पाहिलीस का, निळा कोट घातलेली?”

आता सांगता येत होतं. याहून मोठं दार कुणी उघडून धरलं नसतं. पण आता सांगायचं म्हणजे आधीचं ‘नाही’ खोटं होतं हेही सांगायचं, आणि कोट का बदलला तेही. तिच्या अंगाला घाम फुटला. ब्लेझर आतून चिकटत होता.

“नाही मॅडम. लक्ष नव्हतं माझं.”

“बरं. तुझं काम चांगलं आहे. निकाल कळवू.”

ती बाहेर आली आणि समोरच्या खुर्चीत बाबा बसले होते.

गळ्यात टेप, पायात दुकानातल्या चपला, शर्टाला खडू लागलेला. आजूबाजूच्या आईवडिलांनी दोन्हीकडे एकेक खुर्ची मोकळी सोडली होती. बाबांनी तिला पाहिलं. राखाडी ब्लेझर पाहिला. बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावरची घाई विझली, आणि ते उगीच खिसा चाचपायला लागले.

एक क्षण, एकच, तिच्या मनात आलं की थेट जिन्याकडे जावं. ते मनात आलं हे ती पुढे कुणालाही सांगणार नव्हती. मग ती त्यांच्या शेजारी नाही, एक खुर्ची सोडून बसली.

“कोटाला पट्टी आहे,” बाबा हळू आवाजात म्हणाले. “बिल्ल्याची. चुकून लागली. ती काढायला आलो होतो.”

“झाली मुलाखत.”

“झाली का? बरी झाली?”

“हो.”

“मग उत्तम.” थोडं थांबून ते म्हणाले, “कोट कुठेय?”

तिने पिशवीतून तो बोळा काढून मधल्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. तिला वाटलं ते काहीतरी म्हणतील. त्यांनी रागवावं असंच तिला वाटत होतं, म्हणजे उलट काही बोलता आलं असतं. बाबांनी तो मांडीवर घेतला, तळहाताने दोनदा सारखा केला, आणि खिशातलं पातं काढून पट्टीचा पहिला टाका उचलला.

“बाबा, आता कशाला? राहू दे.”

“राहू कसं दे? चुकीचं काम आहे.”

ते उसवत राहिले. तेवढ्यात दार उघडलं. चष्म्याच्या मॅडम पुढच्या उमेदवाराचं नाव पुकारायला बाहेर आल्या होत्या. तो मुलगा उठून आत गेला, पण मॅडम दाराशीच थांबल्या. मग चार पावलं पुढे आल्या.

“हा कोट...” त्या मास्तरांना म्हणाल्या. “हा तुमच्याकडे कसा? ही मुलगी कुठे आहे, हा घालणारी? तुमची मुलगी का?”

मास्तरांनी मान वर केली. मॅडमकडे पाहिलं, मग मधल्या रिकाम्या खुर्चीपलीकडे. बारकी खाली फरशीकडे बघत होती. तिच्या मानेवर घामाचे थेंब होते आणि हातांच्या मुठी ब्लेझरच्या बाह्यांत ओढलेल्या होत्या. लहानपणी काही मोडलं की ती अशीच बसायची. काय झालंय हे मास्तरांना कळलं नाही. काहीतरी झालंय, आणि ‘हो, माझी’ म्हटलं तर तिला महागात पडेल, एवढंच कळलं. आयुष्यात एवढ्या सोप्या उत्तराचा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

“नाही मॅडम,” ते म्हणाले. “गिऱ्हाईकाचा आहे. आम्ही फक्त शिवतो.”

“अच्छा.” मॅडमनी त्यांच्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं. मग एक खुर्ची सोडून बसलेल्या मुलीकडे पाहिलं, आणि जरा जास्तच वेळ पाहिलं. आता बारकीने बोलायला हवं होतं. तिने तोंड उघडलंसुद्धा. पॅसेजमधली सगळी माणसं बघत होती, आणि तोंड पुन्हा मिटलं.

“मग एक काम कराल?” मॅडम मास्तरांनाच म्हणाल्या. “तिला माझा एक निरोप द्या. म्हणावं, तिला मी न विचारता काम सांगितलं. न बघता. चूक माझी होती, तिची नाही. तिने वाईट वाटून घेऊ नये. सांगाल ना नक्की?”

“सांगतो,” मास्तर म्हणाले.

दार बंद झालं. मास्तरांनी पट्टीचा शेवटचा टाका काढला, राहिलेले दोरे एकेक करून उचलले, आणि खुणांवर नख घासलं. मग कोटाची घडी घातली, बाह्या पाठीमागे, बटणं वर, दुकानात गिऱ्हाईकाच्या हातात देताना घालतात तशी. ती घडी दोन्ही हातांत धरून ते उठले, मधली खुर्ची ओलांडून मुलीसमोर आले आणि थांबले.

“मॅडमनी निरोप दिलाय,” ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, रागही नव्हता. दिलेला शब्द होता, तो ते पाळत होते. “तुला न विचारता काम सांगितलं. न बघता. चूक त्यांची होती, तुझी नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस म्हणाल्या.”

बारकीने कोट घ्यायला हात पुढे केले. मान मात्र तिला वर करता आली नाही.